खांबात कोण हाय

लिंबाजीला सुतक लागलं तर बन्सीधरला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून बघू. पांगाऱ्याच्या लाकडाचा पाच किलोचा मुखवटा, तागाच्या जटा, आणि कागदी खांब फोडून बाहेर यायचा मान. ऐन दिवेलागणीला देवळाच्या उंबऱ्यावर बसून राक्षसाचं पोट फाडायचं. मग तीन-चारशे डोकी पायावर, आणि वर्षभरात गावात जन्मलेली लेकरं एकेक करून मांडीवर. यंदा अशी दहा होती, आणि माहेरपणाला आलेल्या राजेश्रीची सृष्टी धरून अकरा. राजेश्री ही बन्सीधरची लेक, म्हणजे अकरावी त्याची नात. नारळ-खण सगळं देवळात जमा. खोबऱ्याचं भकलसुद्धा सोंगाला मिळत नाही. म्हणजे पदरात पडायची ती एक संध्याकाळ, जेमतेम दीड तासाची.

एवढ्यासाठी माणूस घसरतो का, असं कुणी विचारील. बावीस वर्षं ज्यानं हिरण्यकश्यपाचं सोंग घेतलंय, त्याला विचारावं.

चुडाव्याच्या स्टेशनापासून गाव दोन कोसांवर. वैशाखात नरसिंहाचं नवरात्र बसतं आणि चतुर्दशीला सोंगं निघतात. नरसिंहाचा मान लिंबाजीच्या घरात, पिढीजात. हिरण्यकश्यपाला मान नाही, त्याला नुसता आवाज लागतो. आणि आवाज बन्सीधरला होता. त्यानं घरात पाणी मागितलं तरी शेजारच्या आळीतला तांब्या हलायचा. तासभर तो असा काही गरजायचा, की म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. पण पोट फाडून झालं, लाल चिंध्यांची आतडी बाहेर आली, की लोक त्याला ओलांडून नरसिंहाच्या पायाशी गर्दी करायचे. मेलेल्या राक्षसाकडं कोण बघतं? गर्दी पांगली की तो मागच्या बोळानं घरी जायचा आणि खोबरेल लावून तोंडाची काजळी काढत बसायचा.

शिवाय तो राखीव होता. नरसिंहाच्या माणसानं नऊ दिवस देवळात राहायचं, एकभुक्त, अनवाणी, वेशीबाहेर पाय नाही, हातात फोन नाही. त्याला काही अडचण आलीच तर म्हणून हिरण्यकश्यपानंही, फोन तेवढा सोडून, हेच व्रत घरी पाळायचं. बावीस वर्षं बन्सीधरनं ते पाळलं, आणि बावीस वर्षांत लिंबाजीला साधी सर्दी झाली नाही.

आता लिंबाजी अडुसष्टचा. गुडघे गेले. यंदाचं हे शेवटचं सोंग, पुढल्या साली पुण्याहून आमचा हरिओम येऊन उभा राहील, असं त्यानं पाडव्यालाच सांगून टाकलं होतं. हरिओम त्याचा पोरगा, तिशीतला, व्यायामशाळेत जाणारा. म्हणजे ही संध्याकाळ लिंबाजीची शेवटची, आणि बन्सीधरच्या आशेचीही शेवटची.

"अवो, राक्षस म्हनून पंचक्रोशीत नाव हाय तुमचं," बायको कस्तुराबाई म्हणायची, "तेवढं बास झालं. देव व्हऊन आनखी काय करायचंय?"

"नात लिंबाजीदादाच्या मांडीवर ठिवायची, अन् आजानं खाली आतडी काढून पडायचं. लय शोभतंय."

"मग? बावीस सालं पडलाच की. नातीसाठी काय उठून बसताल?"

ती हसली. तो हसला नाही.

चतुर्दशीला सकाळी नऊच्या सुमाराला बन्सीधर देवळामागं कागदी खांबाला खळ लावत होता. बांबूचा सांगाडा, वर गुलाबी आणि सोनेरी कागद, आत एक माणूस उभा राहील एवढी जागा. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो, बन्सीधरकाका का? मी मनिषा बोलायलेय. सटवाजीबाबाची सून."

सटवाजी म्हणजे लिंबाजीचा चुलतभाऊ. तीस वर्षांमागं ऊसतोडीला पुण्याकडं गेला तो तिकडंच कारखान्याच्या आसऱ्यानं राहिला. दोघं एका ताटात जेवलेले. गेल्या साली सटवाजीच्या छातीत दुखून त्याला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा लिंबाजीनं इथं तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं.

"बोल, बाई."

"काका, बाबा रात्रीच..." फोन खरखरला, "...गेले. लिंबाजीआबाचा फोन बंद लागायलाय, म्हनून तुमाला लावला. तेवढं सांगा त्यान्ला, म्हंजे वाट..."

आणि रेंज गेली.

बन्सीधरनं खळीचा हात कपाळाला लावून राम राम म्हटलं. हे खरं आहे, आणि त्याच्या बाजूनं लिहायचं तर एवढंच आहे. त्या घडीला सटवाजी मेला असंच त्याला वाटलं आणि त्याला वाईटही वाटलं. रात्रीच गेले म्हटल्यावर आपल्याकडं माणूस दुसरं काय समजणार?

मग त्यानं पुढचं मोजलं. भावकीतलं मयत म्हणजे दहा दिवसांचं सुतक. सुतकातल्या माणसाला देवळाची पायरी नाही, मुखवट्याला हात नाही. पण सुतक लागतं ते ऐकलं तिथून. जोवर कानावर येत नाही तोवर मेलेला माणूस जिवंतच धरायचा, हा रिवाज. याच गावात लग्नघरची मयताची खबर दोन-दोन दिवस वेशीवर अडवून ठेवलेली आहे, आणि अक्षता पडल्यावर सांगितलेली आहे. कुणी कुणाला बोल लावलेला नाही. लिंबाजीला दिवेलागणीनंतर सांगितलं असतं तर तेच गावाला पसंत पडलं असतं. बन्सीधरला हे कुणी शिकवायला नको होतं.

खळ सुकत आली तसं दुसरंही काही सुचायला लागलं. पोरगी रडत नव्हती. आता सासऱ्यासाठी सून कितीशी रडणार, हे त्यानं स्वतःलाच समजावलं. पण ते 'वाट'? वाट काय? मेल्या माणसाची कोण वाट बघतं? 'रात्रीच' आणि 'गेले' यांच्यामध्ये एक शब्द खरखरीत गेला होता, आणि तो शब्द 'गावाकडं' असू शकत होता. एवढं विचारायला एक फोन पुरे होता. नंबर समोर होता. अंगठा त्या नंबरावर ठेवून बन्सीधर बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं फोन खिशात घातला आणि पुढून देवळाकडं गेला.

लिंबाजी सभामंडपात मुखवट्याला तेल लावत बसला होता. बाजूला रामहरी पुजारी वाती वळत होता. बन्सीधर पायरीखालीच थांबला. त्याचा चेहरा बघूनच रामहरीनं ओळखलं. पुजाऱ्यांना असे चेहरे कळतात. त्यानं हात वर केला.

"बन्सीधर, काय असंल ते दिवेलागणीनंतर सांग."

"देवाच्या कामात लपवाछपवी बरी न्हाई, म्हाराज."

"आरं, मी काय म्हनायलोय? जरा सबूर कर."

"सटवाजीदादा गेले," बन्सीधर म्हणाला. आवाज हळू ठेवला होता, पण बन्सीधरचा हळू आवाज म्हणजे सगळ्या मंडपाला ऐकू गेला. "रात्रीच गेले. मनिषाचा फोन आलता."

लिंबाजीनं मुखवटा मांडीवरून उचलून पाटावर ठेवला. दोन्ही हात झटकन मागं घेतले, जसं काही ते हात आता त्याचे नव्हते. रामहरीनं घाईनं सटवाजीचा नंबर लावला. बंद.

"तुला ज्या नंबरवरनं आला तो लाव की."

"तो कुना परक्याचा व्हता," बन्सीधर म्हणाला. "लावून बघितला. लागंना."

सगळ्या प्रकरणात त्यानं तोंडानं बोललेलं खोटं हे एवढंच. बाकी सगळं खोटं न बोलता झालं.

लिंबाजी उठला, गुडघ्यावर हात देत पायऱ्या उतरला. हापशावर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या धोतरानं ओढ्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसला. तिथून संबळ ऐकू येतो, पण देऊळ दिसत नाही. त्याची भावकीची चार घरं गुमान दारं लावून बसली.

दुपारी त्याच नंबरवरून दोनदा फोन आला. बन्सीधर घरात एकटा होता. फोन वाजत राहिला आणि तो त्याच्याकडं, अंगणात साप बघावा तसा, बघत राहिला. दुसऱ्यांदा वाजून थांबल्यावर त्यानं तो बंद केला आणि ज्वारीच्या कणगीत खुपसला.

चार वाजता रामहरीनं त्याला मुखवटा बांधला. मुखवटा चढला की माणूस मुका. खांब फुटून, आरती होऊन देव गाभाऱ्यात परत जाईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, आणि मुखवटा मध्येच उतरवायचा नाही. तोंडावर आधी फडकं आवळतात, त्यावर लाकूड. आत माणसाचा स्वतःचाच श्वास गरम होऊन परत येतो. बन्सीधरला वाटलं होतं, मुखवटा चढल्यावर काहीतरी होत असेल. लिंबाजीदादाचे डोळे दरसाल लाल व्हायचे. त्याला फक्त घाम आला.

साडेसहाला तो खांबात उभा होता. कागदाला डोळ्यापुरती चीर ठेवलेली. बाहेर संबळ-सनई, आणि हिरण्यकश्यप म्हणून भुजंग. हे ट्रॅक्टरवरचं पोरगं दुपारी अंगरख्यात कोंबलेलं. भाषणं त्यानं मोबाईलवर उतरून घेतली होती आणि ढालीमागं धरून वाचत होता.

"मी... त्रैलोक्याचा... थांबा, स्क्रीन गेली."

लोक खिदळले. प्रल्हाद झालेली ऋतिका, अंगणवाडीच्या दैवशालाबाईची मुलगी, कपाळाला हात लावून उभी राहिली.

तेवढ्यात मागं गलका झाला. एक म्हातारी किंचाळली. गर्दी दुभंगली, आणि त्या फटीतून पांढरी टोपी घातलेला, कापडी पिशवी काखेला मारलेला एक वाळका माणूस पुढं आला. चिरेतून बन्सीधरनं त्याला बघितलं. आश्चर्य वाटलं नाही, हे त्याचं त्यालाच कळलं.

"सुरू झालं का रं?" सटवाजी धापा टाकत विचारत होता. "लिंबाजी कुठंय? खांबात हाय का?"

"सटवाजीदादा, तुमी... तुमी तर..."

"काय मी तर?"

"तुमी गेले म्हनून सांगितलं व्हतं."

"गेलो म्हंजे? रात्रीच निघालो की. परभणीला गाडी बदलली, चुडाव्याला उतरलो, फटफटी मिळंना म्हनून निम्मी वाट चालत आलो. घरात एकच फोन, तो मी घेऊन आलो. म्हनून तर सुनंला म्हनलं, शेजारच्याच्या फोनवरनं कळीव. अन् माझ्या फोनची बॅटरी मनमाडलाच मेली." मग त्याला हळूहळू समजलं. "मी मेलो म्हनून सांगितलं? कवा मेलो?"

लोक हसायला लागले. आता आयुष्य वाढलं बघा, असं चारजणांनी म्हटलं. कुणी रेंजला शिव्या दिल्या. दोघं पोरं ओढ्याकडं पळाली.

लिंबाजी आला तो अनवाणी, अंगावर तेच वाळलेलं धोतर. त्यानं सटवाजीच्या तोंडावरून दोन्ही तळवे फिरवले, हनुवटीपासून टोपीपर्यंत, आंधळा चाचपतो तसे. "आरं, मेलो असतो तर पायाला फोड आले असते का?" सटवाजी म्हणाला, आणि मग त्यालाच रडू आलं. "तुझं शेवटचं सोंग बघायला आलो, लिंबा. अन् तू असा उघडा?"

सुतक नव्हतंच. सगळ्यांच्या माना रामहरीकडं वळल्या. रामहरीनं मान हलवली. "मुखवटा बांधलाय. आता न्हाई सोडता यायचा."

मग सगळ्यांच्या माना खांबाकडं वळल्या. बन्सीधर आत उभा. बाहेर यावं, मुखवटा ओढून काढावा, असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण बांधलेला मुखवटा सोडला तर सोंग मोडलं, आणि गावात कधी सोंग मोडलं नव्हतं. ही सबब पक्की होती. असल्या सबबी पक्क्या असतात म्हणूनच माणूस त्यांच्यामागं उभा राहतो. इथं तर वर गुलाबी कागदही होता.

लिंबाजी खांबाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बन्शाची जागा मोकळी हाय न्हवं? भुजंग, काढ तो मुकुट."

"दादा, तुमी? राक्षस?" भुजंगाला सुटल्यासारखं झालं.

"सत्तेचाळीस सालं राक्षसाची भाषणं ऐकतोय. येत्यात मला."

आणि तोंडाला काजळी फासून लिंबाजी हिरण्यकश्यप झाला. बन्सीधरसारखी गर्जना त्याच्याकडं नव्हती. तो नुसता बोलला, जसा घरात एखादा बाप पोराला बोलावा. आणि गर्दी एवढी गप झाली की समईची वात तडतडलेली ऐकू आली.

"कुठं हाय रं तुझा देव?"

"सगळीकडं हाय," ऋतिका म्हणाली.

"या खांबात हाय?"

"हाय."

इथं राक्षसानं लाथ मारायची असते. लिंबाजीनं मारली नाही. तो खांबाच्या अगदी जवळ आला. चिरेपलीकडं त्याचा डोळा दिसला.

"नीट बघून सांग, पोरी. या खांबात कोण हाय?"

हे भाषणात नव्हतं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं नवीन घातलं, झकास घातलं. ऋतिका जरा गोंधळली. मग तिनं हनुवटी वर केली. "देवच हाय."

लिंबाजीनं लाथ मारली. कागद फाटला. बन्सीधर बाहेर आला तो उडी मारून नाही, धडपडून आला. पण जटा एवढ्या होत्या की ते धडपडणं कुणाला दिसलं नाही.

उंबऱ्यावर बसून त्यानं लिंबाजीला मांडीवर घेतलं. म्हातारा हलका होता. गुडघे सरळ होत नव्हते, म्हणून पाय दुमडूनच राहिले. लाल चिंध्या ओढताना म्हाताऱ्याचं तोंड मुखवट्याच्या कानाशी आलं.

"कुठं गेले, म्हनून इचारलं न्हाईस व्हय रं?"

बन्सीधरला बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली, नाही, नाही विचारलं. मुखवटा गदागदा हलला, जटा उडाल्या, आणि चारशे माणसांनी एकदम गजर केला. देव खवळला, देव अंगात आला! आया पदर सावरून पुढं सरसावल्या.

मग डोकी. मग लेकरं. दहा झाली. सगळ्यात शेवटी राजेश्रीनं सृष्टीला आणून ठेवलं. दरसाल निम्मी लेकरं मुखवट्याला बघून टाहो फोडतात. सृष्टीनं त्याच्या मांडीवर कूस बदलली, त्याचं बोट मुठीत धरलं आणि झोपली. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. राजेश्री फोटो काढत होती. कस्तुराबाईनं बावीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या पायावर सगळ्यांदेखत डोकं ठेवलं. खाली लिंबाजी चिंध्यांसकट पडून होता, आणि सटवाजी त्याच्या उशाला बसून टोपीनं त्याला वारा घालत होता. नरसिंहाकडं सटवाजीनं एकदाही बघितलं नाही.

आरती झाली. रामहरीनं मुखवटा सोडवून गाभाऱ्यात नेला. मागच्या खोलीत दोघंच उरले. एक खोबरेलानं काजळी काढत होता, आणि ते काम त्याला येत नव्हतं. दुसऱ्याला येत होतं.

बन्सीधरनं तेलाचा हात पुढं केला. लिंबाजीनं करू दिला.

"दादा," बन्सीधर म्हणाला. एवढा बारीक आवाज त्याच्या गळ्यात आहे, हे त्याला माहीत नव्हतं. "मला संशय आलता. नंबर व्हता माझ्याजवळ. दुपारी तिचे फोनबी आलते. मी उचलले न्हाईत. मी आता भाईर जाऊन सगळ्यांम्होरं..."

"गप."

"न्हाई दादा, मला सांगू द्या."

"गप म्हनलं न्हवं? अकरा लेकरं ठिवलीत तुझ्या मांडीवर. उद्या त्यांच्यातलं एखादं तापलं, की आई काय म्हनंल? खोटा देव व्हता म्हनंल. साल साल त्या बाया झुरतील. तुला मोकळं व्हायचंय, म्हनून त्यान्ला काळजीत टाकतो व्हय?" लिंबाजीनं गाल पुढं केला. "इकडं राहिलंय. पूस."

बन्सीधरनं पुसलं.

बाहेर सटवाजी लोकांना आपल्या मरणाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. "लिंबा काय म्हनला?" कुणी विचारलं, तेव्हा लिंबाजीच दारात येऊन म्हणाला, "काय म्हननार? रेंजचा घोळ. बन्शाला जसं ऐकू आलं तसं त्यानं सांगितलं."

आता कुणी किती भरलं ते. भुजंगाच्या तीन भाषणांची मेहनत वाया गेली, पण ती त्याला नकोच होती. सटवाजी बाराचौदा तास गाडीत आखडून बसला, अर्धी वाट चालला, आणि ज्यासाठी आला ते त्याला दिसलं नाही. गावाचं काहीच गेलं नाही; उलट असं सोंग झालं नव्हतं म्हणून अजून सांगतात. बन्सीधरला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि त्याच्या नावावर कुणी काही लावलं नाही. लावून घ्यायला तो गेला, तर त्याला परत पाठवलं. लिंबाजीनं सत्तेचाळिसाव्या सालचा, शेवटचा मुखवटा सोडला, जित्या भावासाठी दिवसभर लिंबाखाली बसून रडला, मेलेला राक्षस होऊन पडला आणि दारात उभं राहून दुसऱ्यासाठी खोटं बोलला. भरलं ते सगळं त्यानं एकट्यानं.